फोटो काढलास, आता तो पोचवायचा

"ताई, मी २८ वर्षांची, मूळची लातूर जिल्ह्यातली. नोकरीमुळे पुण्यात आले, कर्वेनगरला राहते. मध्यंतरी हप्त्यावर चांगला कॅमेरा घेतला. पुण्यातल्या वेगवेगळ्या समाजांचे सण आणि परंपरा फोटो व लेखनातून मांडायच्या असं मनात आहे. वर्षभरात पालखी, गणपती, बंगाली मंडळींची दुर्गापूजा, मोहरम, नाताळ सगळीकडे फिरले. फोटो देखणे आलेत, पण शंभर जणांनी काढलेत तसेच. लिहायला बसलं की 'विविधतेने नटलेलं पुणं' याच्या पुढे गाडी सरकत नाही. यंदा पालखीत निवडुंग्या विठोबापाशी एक आजी पाय चेपत बसल्या होत्या. मी फोटो काढला. त्यांनी विचारलं, 'ह्यो फोटू आता कुठं जायचा, बाई?' मला काही बोलता आलं नाही. मैत्रीण म्हणते, दुसऱ्यांच्या परंपरांवर लिहिणारी तू कोण? तिचं खरं आहे का? हे सोडून द्यावं का?"
एक वाचक, कर्वेनगर

प्रिय मैत्रिणी,

सोडू नकोस. तुझ्या पत्रातला सगळ्यात मोलाचा प्रश्न त्या आजींचा आहे आणि त्याचं उत्तर तू ठरवलंस की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील. आज सणांचे बहुतेक फोटो ज्यांचे काढले त्यांना सोडून बाकी सगळ्यांकडे जातात. तू उलट कर. फोटो आधी त्या माणसाच्या हातात, मग जगासमोर. लेखाचंही तसंच.

त्या आजींपर्यंत अजूनही पोचता येईल. निवडुंग्या विठोबापाशी म्हणजे तुकोबांच्या पालखीचा मुक्काम. माउलींची पालखी असते भवानी पेठेत, पालखी विठोबापाशी. सोहळ्यातल्या दिंड्यांना क्रमांक असतात, रथापुढे अमुक, रथामागे तमुक. सामानाच्या ट्रकवर आणि फलकावर तो क्रमांक, गावाचं नाव, दिंडीचालकाचं नाव ठळक लिहिलेलं असतं. त्या दिवशीचे तुझे सगळे फोटो मोठे करून बघ. आजींच्या मागेपुढे एखादा फलक नक्की सापडेल. चालकांना फोन कर, फोटोचा प्रिंट पाठव आणि विचारून घे: आजी कुठल्या, कितवी वारी, घरी शेत कोण बघतं, वाटेत कुणाच्या ओसरीला टेकतात, पायाला काय लावतात. एवढं कळलं की 'श्रद्धेचा महासागर' असली वाक्यं तुझ्या लेखणीला सुचणारच नाहीत.

आता तुझ्या वर्षभराच्या फिरण्याबद्दल. एका वर्षात पाच वेगवेगळे प्रसंग. कॅमेऱ्याला ते झेपतं, लेखणीला झेपत नाही. शिवाय तू प्रत्येक ठिकाणी ऐन भराच्या वेळी गेलीस, आणि त्या वेळी सगळेच कॅमेरे तिथे असतात. फोटो इतरांसारखे येतात याचं कारण तुझी नजर नाही, तुझी वेळ आहे. विसर्जनाच्या दिवशी अलका चौकात ढोल वाजवणारा मुलगा सगळ्यांनी टिपलेला असतो. तोच मुलगा त्याआधीचे कितीतरी आठवडे नदीकाठी सराव करतो. दोर ओढून ढोल आवळतो, बोटांना चिकटपट्टी गुंडाळतो, घरून डबा आला नाही तर दुसऱ्याच्या डब्यात हात घालतो. तिथे जा. टिपरूचा, म्हणजे ढोल वाजवायच्या काठीचा, वेग दिसायला हवा असेल तर शटरचा वेग १/३० सेकंदाच्या आसपास ठेव, हात धूसर येतील आणि चेहरा स्थिर राहील. टिपरू हवेत थांबलेलं हवं असेल तर १/५०० च्या वर जा. पण त्याआधी तो मुलगा दिवसभर काय करतो ते विचार. दुर्गापूजेतल्या ढाकींचंही तसंच. ही माणसं मांडवात ढाक, म्हणजे मोठा बंगाली ढोल, वाजवायला बंगालमधून येतात आणि पूजा संपली की परत जातात. मांडवातल्या आरतीचे फोटो ढिगाने आहेत. ढाकी मात्र त्यात कडेला कापलेला असतो.

मोहरमबद्दल थोडं थांबून सांगते, कारण तू तुझ्या यादीत त्याला सण म्हटलंयस. मोहरमचा दहावा दिवस करबला इथे इमाम हुसेन यांना आलेल्या हौतात्म्याच्या दुःखाचा दिवस आहे. तिथे 'उत्साहात साजरा' असं लिहिलंस तर चांगल्या हेतूने केलेलं तुझं लेखन कुणाच्या तरी शोकावर पाय देईल. शुभ शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचंही, तसंच. सगळं रंगीबेरंगी आणि आनंदी दाखवायची घाई झाली की समाजांमधला खरा वेगळेपणाच पुसला जातो. मग सगळेच ताट हातात घेऊन हसताना दिसतात.

माझं ऐक आणि पुढच्या वर्षासाठी एकच जागा निवड. एखादी आळी, एखादं घर, एखादं कारागिरीचं दुकान. उदाहरणार्थ, कसब्यातली तांबट आळी. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. बंब, घंगाळी, हंडे, कळशा ही सगळी त्यांची कामं. भांडं घडून झालं की गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने त्याच्या अंगावर एकाशेजारी एक ठोके देत जातात. त्याला मठारकाम म्हणतात. प्रत्येक ठोक्याचा एक छोटा, चकाकणारा खळगा उमटतो. विकत घेणाऱ्याला ती नक्षी वाटते आणि ती आहेही, पण त्या ठोक्यांनी मऊ तांबं कडक होतं, भांड्याला ताकद येते. हे कुठल्याही फोटोत दिसणार नाही. ते तुला लिहावं लागेल.

आणि जे लिहून दाखवता येणार नाही ते फोटोत आण. दारातून तिरपा उजेड येतो ती वेळ गाठ. समोरून प्रकाश टाकलास तर तांबं नुसतं चमकतं आणि खळगे नाहीसे होतात. बाजूने आला तर एकेक ठोका मोजता येतो. फ्लॅश बंदच ठेव. हत्यारांना तिथे काय म्हणतात ते कारागिराकडून ऐकून घे आणि तोच शब्द लिही. आळीतला आवाज कसा आहे, किती लांबून ऐकू येतो, तो बंद होतो तेव्हा काय होतं, मुलगा हे काम करणार आहे की कंपनीत लागलाय, हे सगळं वहीत उतरव. पहिल्या दोनतीन वेळेला कॅमेरा पिशवीतून काढूच नको, असं मी म्हणेन. माणसं तुला ओळखायला लागली की हात आपोआप नेहमीसारखे चालतात, कॅमेऱ्यासाठी चालत नाहीत.

फोटो आणि मजकूर एकमेकांशिवाय किती अपुरे असतात हे बघायचं असेल तर रास्ता पेठेकडे चल. पुण्यात यहुद्यांची दोन प्रार्थनागृहं आहेत. कॅम्पातलं लाल देऊळ सगळ्यांना माहीत असतं. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी ते बांधायला घेतलं आणि १८६७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुरं झालं. त्यांची कबर तिथेच आवारात आहे. दुसरं रास्ता पेठेत, बेने इस्रायल समाजाचं. ही मंडळी कोकणातली, घरात मराठी बोलणारी, पेणकर, रोहेकर अशी गावावरून आडनावं लावणारी. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. लग्नाआधी, नव्या घरात, नवस फिटल्यावर त्यांच्याकडे मलिदा होतो. ताटात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, वर फळं. प्रेषित एलियाहूचं नाव घेऊन प्रार्थना होते आणि मग ते सगळ्यांना वाटलं जातं.

आता त्या ताटाचा नुसता फोटो डोळ्यासमोर आण. कुणीही मराठी माणूस म्हणेल, प्रसाद आहे. फोटो खोटा नाही, पण तो एकट्याने चुकीच्या घरी नेऊन सोडतो. हिब्रू प्रार्थना आणि कोकणातले पोहे एका ताटात कसे आले, ही गोष्ट मजकुराशिवाय पोचत नाही. उलट मजकुरात तू कितीही वर्णन केलंस तरी ते ताट पुढे करणाऱ्या बाईंचा हात, तिच्या बांगड्या, मागची भिंत हे फोटोच दाखवतो. मी तुला फोटो आणि लेखन दोन्ही कर म्हणते ते यासाठी. तिथे जाण्याआधी परवानगी मात्र रीतसर घे आणि शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवार संध्याकाळपर्यंत कॅमेऱ्याचा विषयही काढू नको. तो त्यांचा शब्बाथ.

काही दारं तुझ्यासाठी बंदच असतील. अग्यारीत, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरात, पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही. भिंतीवरून लेन्स उंचावायची नाही, 'आतलं रहस्य' असलं काही लिहायचं नाही. नाना पेठेत किंवा कॅम्पात एखाद्या पारशी घरी ओळख झाली तर नवरोजच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, सकाळी उंबऱ्यापाशी उमटवलेल्या चुन्याच्या रांगोळीचा फोटो पुरेसा बोलतो. आतून रवो हा रव्याचा गोड पदार्थ आणि सेव-दह्याची वाटी बाहेर येईल. त्यावर लिहायला एक अख्खा लेख आहे.

आता मैत्रिणीचा प्रश्न. तिने तो विचारला हे चांगलंच केलं. माझं मत असं, की बाहेरून आलेल्या माणसाने बघू नये, लिहू नये असं काही नाही. बाहेरच्याला पुष्कळदा ते दिसतं जे घरच्यांना सवयीने दिसेनासं झालेलं असतं. पण बाहेरच्याने निकाल देऊ नये आणि श्रेय गिळू नये. आपल्याकडे याचा एक फार मोठा धडा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या समाजसंशोधकांनी पुण्यात काम करताना जात्यावरच्या ओव्या जमवल्या. गी पॉइतवाँ तर मूळचे फ्रान्सचे. मुळशीच्या डोंगरातल्या बायकांपासून सुरू झालेलं ते काम महाराष्ट्रातल्या हजारावर गावांत आणि एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत गेलं. आज त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात वाचता-ऐकता येतात, आणि ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव असतं. 'एक ग्रामीण स्त्री' असं लिहून कुणी मोकळं झालं नाही. मला हा प्रकल्प आठवला की दरवेळी भरून येतं. ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावरही कधी लागलं नसेल, ते तिच्या ओवीखाली आहे.

म्हणून तुझ्या प्रत्येक फोटोखाली नाव हवं, अर्थात त्या व्यक्तीला चालत असेल तरच. चालत नसेल तर तेही मान्य. 'पारंपरिक वेशातील महिला', 'वृद्ध वारकरी', 'मुस्लिम बांधव' या ओळी आजपासून बंद. परवानगी मागताना फोटो कुठे जाणार ते फोडून सांग: माझ्या वहीत, तुमच्याकडे प्रिंट, मग इंटरनेटवर, तिथे कुणीही बघू शकेल. हो म्हणून नंतर नको म्हणाले तरी काढून टाक. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचार. लेख झाला की छापण्याआधी त्यांना वाचून दाखव. वाचून दाखव हे मुद्दाम म्हणते, फोनवर पाठवून 'बघून घ्या' म्हणणं वेगळं. वाचताना माणूस मध्येच थांबवतो, "असं नाय ते," म्हणतो आणि मग खरी गोष्ट सांगतो. त्या क्षणी वही उघडी असू दे.

आणखी एक गोष्ट, जरा अवघड. प्रत्येक परंपरा गौरवण्यासारखी असते असं धरून चालू नको. रस्त्यात पोतराज दिसला, कमरेला रंगीत चिंध्या, हातात आसूड, अंगावर ओढणारा. फोटो जबरदस्त येतो. पण ते काम कुणाच्या वाट्याला आलं आणि का आलं, हे न लिहिता तो फोटो टाकणं अन्यायाचं आहे. बाबासाहेबांच्या चळवळीत कितीतरी कुटुंबांनी पोतराजकी ठरवून सोडली. वाढवलेले केस कापून टाकले, मुलांना शाळेत घातलं. परंपरा सोडण्याचा तो निर्णय हासुद्धा त्यांच्या संस्कृतीचा अभिमानाचा भाग आहे आणि तोही टिपला पाहिजे. तुझ्या वर्षभराच्या यादीत चौदा एप्रिल नाही, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. पुण्यात त्या दिवशी वस्त्यावस्त्यांत घराघरांतून जे चालतं, भीमगीतं, पुस्तकांचे स्टॉल, निळे फेटे, ते बघितल्याशिवाय या शहराच्या विविधतेबद्दल लिहू नकोस.

लेखनाबद्दल थोड्या हातच्या युक्त्या सांगते. त्याच दिवशी रात्री लिही, झोपायच्या आधी. विशेषणं शेवटी घालायची म्हणून राखून ठेव, बहुतेक वेळा लागतच नाहीत. माणूस जसा बोलला तसं लिही. कोल्हापुरी, अहिराणी, दखनी, जी बोली असेल ती सरळ करू नको, पण तिची थट्टाही होऊ देऊ नको. माहिती कुणी सांगितली ते नोंदव, कारण एकाच विधीची कारणं दोन घरांत दोन असतात आणि दोन्ही लिहायची. तारीख इंग्रजीही घाल आणि तिथी, इस्लामी महिना किंवा जी त्या समाजाची कालगणना असेल तीही घाल. वीस वर्षांनी कुणी शोधायला आलं तर त्याला त्याचीच गरज पडेल.

फोटो जपण्याचं काम कंटाळवाणं आहे, तरी चुकवू नको. फाइलच्या आतच नाव-ठिकाण-तारीख-मजकूर भरायची सोय प्रत्येक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये असते, तिथे भर. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो आणि आतली माहिती पुसली जाते, म्हणून पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव. मूळ फाइल दोन वेगळ्या जागी ठेव, त्यातली एक घराबाहेर. विकिमीडिया कॉमन्सवर चढवायचे असतील तर फार चांगलं, मराठी विकिपीडियाला अशा फोटोंची गरज आहे. पण तिथला मुक्त परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही आणि तो फोटो कुणीही, धंद्यासाठीसुद्धा वापरू शकतं. ज्यांचा चेहरा आहे त्यांना हे समजावल्याशिवाय ते करू नको. आळी, वास्तू, ताट, हत्यारं हे मोकळेपणाने दे, चेहरे जपून.

सुरुवात कुठून करायची? मी म्हणेन, लातूरहून. तू पुण्याच्या विविधतेकडे बघतेस आणि स्वतःला त्यातून वगळतेस. तुमच्याकडे मार्गशीर्षाच्या अमावास्येला वेळ अमावस्या असते. शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत पांडव म्हणून मांडलेले दगड, मिश्र भाज्यांची भज्जी, पिठाचे उंडे, माठातली आंबील, आणि आल्यागेल्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडची किती माणसं पुण्यातून गावी पळतात आणि ज्यांना सुट्टी मिळत नाही ती इथे खोलीवर काय करतात, हे पुण्यातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. इथे परवानगी मागायला तुला कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, तरी माग. आईला सांग की फोटो निघणार आहेत, ते लोक बघणार आहेत, चालेल का. ती काय म्हणते, केस नीट करते का, आजीला पुढे बसवते का, कुठला कोपरा दाखवू नको म्हणते, हे नीट बघ. भज्जीत काय काय पडतं ते तिच्या तोंडून लिहून घे. प्रत्येक घरात वेगळं असतं.

वेळ अमावस्या डिसेंबर-जानेवारीत येते, म्हणजे तयारीला तुला वेळ आहे. तोवर आजींच्या दिंडीचा क्रमांक शोध आणि प्रिंट पोस्टात टाकून ये. पहिला लेख झाला की मला पाठव, मी मनापासून वाचेन. मात्र माझ्या आधी तो तुझ्या आईने ऐकलेला असू दे, आणि तिने सुचवलेली दुरुस्ती त्यात झालेली असू दे.

तुझी,
ताई